बडोद्याहून गोल्फची सहल: मैदान निवडताना पाळायचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

हॉटेल ठरते, गाडी ठरते, सुट्टी मंजूर होते, आणि सगळे झाल्यावर कुणीतरी विचारते की मैदानावर खेळायची वेळ मिळाली आहे का. बडोद्याहून निघणाऱ्या गोल्फच्या बहुतेक सहली या उलट्या क्रमामुळे बिघडतात. मैदान छायाचित्रावरून किंवा नावावरून निवडले जाते. आपल्या चौघांपैकी सर्वांत कच्च्या खेळाडूला ते झेपेल का, बाहेरच्या माणसाला तिथे प्रवेश आहे का आणि उजेड मावळायच्या आत अठरा होल (एक पूर्ण डाव) पुरे होतील का, हे प्रश्न फाटकाशी पोहोचल्यावर उभे राहतात. खाली दिलेला क्रम एका दिवसाच्या आणि शनिवार-रविवारच्या, अशा दोन्ही सहलींसाठी आहे. तो वरून खाली जसाच्या तसा पाळावा, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात लागते.

टप्पा 1: कोण येणार, ते कागदावर लिहा

खेळणाऱ्यांची संख्या, प्रत्येकाचा हँडिकॅप (खेळाच्या पातळीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) आणि न खेळणारे सोबती या तीन गोष्टी आधी लिहून काढाव्यात. गोल्फमध्ये चारचा गट सोयीचा असतो. पाच जण निघाल्यास दोन गट करावे लागतात, आणि गर्दीच्या रविवारी दोघांच्या गटात मैदानाकडून अनोळखी खेळाडू जोडले जाऊ शकतात. हे चालणार नसेल तर चार किंवा आठ अशी संख्या धरूनच आमंत्रणे द्यावीत.

ज्याने आजवर फक्त सरावाच्या पट्ट्यावर चेंडू मारले आहेत, त्याचा उल्लेख यादीत स्पष्ट करावा. पुष्कळ मैदाने पहिल्यांदा खेळणाऱ्याला मुख्य कोर्सवर सोडत नाहीत, आणि काही ठिकाणी हँडिकॅपचे प्रमाणपत्र मागतात. अशा माणसाला सहलीआधी चार-सहा वेळा घरच्या मैदानावर न्यावे. बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात गायकवाड बडोदा गोल्फ क्लबचे मैदान आहे. तिथली शिस्त, कॅडीशी (पिशवी उचलणाऱ्या मदतनिसाशी) वागणे आणि आपल्या चालीचा वेग यांची सवय झालेला नवखा परगावी कुणालाही अडवत नाही.

डिसेंबरात परदेशाहून नातेवाईक आलेले असतात आणि त्यांना बरोबर घेण्याचा आग्रह होतो. अनेक क्लबांत परदेशी पारपत्रधारकाला वेगळी आणि बरीच जास्त ग्रीन फी (खेळण्याचे शुल्क) लागते. लष्कराच्या आवारातल्या मैदानांवर तर आपल्याही ओळखपत्राची तपासणी होते, पूर्वपरवानगी लागते, आणि परदेशी नागरिकांसाठी नियम याहून कडक असतात. काका अमेरिकेहून आले असतील तर ही चौकशी सर्वांत आधी करावी.

तपासणी: न खेळणाऱ्या वहिनी, मुले किंवा आईवडील पाच तास काय करणार, याचे उत्तर यादीसमोर लिहिलेले नसेल तर पुढे जाऊ नये. क्लबहाउसच्या व्हरांड्यात बसून राहणे ही सहल नव्हे.

टप्पा 2: किलोमीटर मोजू नका, तास मोजा

चार जणांच्या गटाला अठरा होल कार्टने (मैदानावरच्या छोट्या गाडीने) खेळायला साधारण चार ते साडेचार तास लागतात, आणि चालत खेळल्यास साडेचार ते पाच. नऊ होलला दोन ते अडीच तास पुरतात. या आकड्यात खेळाआधीचा पाऊण तास आणि नंतरच्या अंघोळीचा व जेवणाचा दीड तास मिळवावा, आणि त्यानंतर जाण्यायेण्याचे तास जोडावेत. बडोद्याहून सानंद परिसरात जाण्यासाठी द्रुतगती मार्ग आणि अहमदाबादचा रिंग रोड धरून दोन ते अडीच तास मोजावेत. म्हणजे पहाटे सव्वापाचला निघालेला गट साडेसातला पोहोचतो, सव्वाआठला पहिला चेंडू मारतो, पाऊणला खेळ संपवतो आणि साडेचार-पाचच्या सुमारास घरी येतो. यापेक्षा लांबचे अठरा होलचे मैदान एका दिवसात बसवू नये.

उजेडाचा हिशेब हिवाळ्यात हमखास चुकतो. डिसेंबरच्या अखेरीस बडोद्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे दुपारी एकनंतर अठरा होल सुरू केल्यास शेवटचे दोन होल अंधुक उजेडात खेळावे लागतात. मे महिन्यात उजेड सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत असतो, पण पारा 42 अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये सकाळी साडेसहाच्या आत खेळ सुरू होत असेल तरच अठरा होल ठरवावेत, एरवी नऊ होलवर समाधान मानावे. पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, मैदान सुंदर दिसते पण काळी माती पाणी धरून ठेवते. कार्ट फक्त पक्क्या वाटेवरून न्यायला परवानगी मिळते आणि प्रत्येक फटक्यासाठी पायपीट वाढते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे आधी सांगावे.

तारखा निवडताना आपल्या शहराचे पंचांग विसरू नये. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून पहाटे पाचला गाडी चालवणे धोक्याचे आहे. उत्तरायणाच्या 14 आणि 15 जानेवारीला माणसे गच्चीवर असतात, कर्मचारी आणि कॅडी कमी येतात, आणि रस्त्यावर मांजाचा धोका असतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात रिसॉर्ट भरलेले असतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध, जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी हे दिवस माझ्या मते सर्वांत चांगले.

इशारा: हिवाळ्यातल्या पहाटे मोकळ्या पट्ट्यात धुके उतरते. ठरलेली टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) गाठण्यासाठी धुक्यात वेग वाढवण्यापेक्षा मैदानाला फोन करून वेळ पुढे ढकलावी.

टप्पा 3: तीन नावांची यादी करा

या यादीत तीनपेक्षा जास्त नावे नसावीत, कारण पुढच्या टप्प्यात प्रत्येक ठिकाणी नीट चौकशी करायची आहे.

एका दिवसासाठी अहमदाबादचा परिसर हा बडोदेकरांचा पहिला पर्याय आहे. सानंदकडचे कल्हार ब्लूज अँड ग्रीन्स हे निकलॉस डिझाइनने आखलेले अठरा होलचे मैदान आहे. बावळ्याच्या पुढे असलेले केन्सविल हे जीव मिल्खा सिंग यांनी आखलेले अठरा होलचे मैदान असून 2011 मध्ये तिथे युरोपातल्या चॅलेंज टूरची स्पर्धा झाली होती, यावरून त्याची लांबी आणि काठिण्य यांचा अंदाज येतो. शांतिग्रामचे बेल्व्हेडेर हे नऊ होलचे आहे. नवखे बरोबर असतील किंवा दुपारी परतायचे असेल तर नऊ होलचे मैदान कमी प्रतीचे समजू नये. वाटल्यास तेच नऊ होल दुसऱ्यांदा खेळता येतात.

केन्सविलच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सवयीने गाडी द्रुतगती मार्गावर घातली जाते आणि अहमदाबादच्या गर्दीतून वळसा घेतला जातो. वासद, बोरसद, तारापूर, वटामण, बगोदरा हा रस्ता आता रुंद झालेला आहे आणि तो शहर पूर्ण टाळतो. निघण्याच्या आदल्या दिवशी, ज्या वेळेला निघायचे त्याच वेळेला, नकाशावर दोन्ही वाटांचा वेळ पाहून निर्णय घ्यावा.

दोन रात्रींच्या सहलीसाठी मुंबई आणि पुण्याकडे नजर जाते. मुंबईतले जुने क्लब सभासदांचे आहेत. तिथे सभासद बरोबर असल्याशिवाय किंवा आपल्या क्लबाशी परस्पर करार असल्याशिवाय खेळायला मिळेल असे धरून चालू नये. याउलट सिडकोने विकसित केलेल्या खारघर व्हॅलीच्या मैदानावर फी भरून सर्वसामान्य माणूस खेळू शकतो. पुण्याच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टमध्ये अठरा होल आहेत आणि तिथेच राहण्याची सोय असल्यामुळे सकाळचा प्रवास वाचतो. रात्रीच्या गाडीने दिल्लीला जाणारे लाडो सरायच्या कुतुब गोल्फ कोर्सचा विचार करतात. ते दिल्ली विकास प्राधिकरणाचे सार्वजनिक मैदान आहे, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या रखडतात, म्हणून पोहोचण्याच्या दिवशी सकाळची वेळ घेऊ नये.

टप्पा 4: मैदान आपल्या खेळाला झेपते का, हे आकड्यांवरून पाहा

या टप्प्यावर बहुतेक जण थांबतच नाहीत, आणि म्हणून संध्याकाळी थकलेले, हिरमुसलेले चेहरे घेऊन परततात. मैदानाची लांबी यार्डांत दिलेली असते आणि प्रत्येक रंगाच्या टीसाठी (होलचा पहिला फटका मारायच्या जागेसाठी) ती वेगळी असते. आपल्याला किती लांबीचे मैदान योग्य, याचा सोपा अंदाज असा काढतात: 5 नंबरच्या आयर्नने (लोखंडी तोंडाच्या काठीने) चेंडू सरासरी जितके यार्ड जातो, त्याला 36 ने गुणावे. 140 यार्ड जात असेल तर 5040 यार्ड. असा खेळाडू 6500 यार्डांच्या टीवरून खेळू लागला तर प्रत्येक पार चारला (चार फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेल्या होलला) त्याला हिरवळ, म्हणजे भोकाभोवतीचा बारीक कापलेला ग्रीन, गाठायला तीन फटके लागतात, मागचा गट खोळंबतो आणि घाईत आणखी चेंडू हरवतात. सरासरी घेताना आयुष्यातला एकमेव उत्तम फटका धरू नये. दहा चेंडू मारावेत, दोन सर्वांत लांबचे आणि दोन सर्वांत जवळचे सोडावेत आणि उरलेल्या सहांची सरासरी घ्यावी.

दुसरा आकडा स्लोपचा. तो 55 ते 155 या दरम्यान असतो आणि 113 हे प्रमाण मानले जाते. स्लोप जितका जास्त, तितके ते मैदान कच्च्या खेळाडूला निष्णात खेळाडूच्या तुलनेत अधिक जड जाते. समजा तुमचा हँडिकॅप इंडेक्स 20 आहे, मैदानाचा स्लोप 130, कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अंदाजे फटके) 73.5 आणि पार 72. 20 ला 130 ने गुणून 113 ने भागल्यास 23 येतात, त्यात रेटिंग आणि पार यांतला 1.5 चा फरक मिळवला की साडेचोवीसच्या थोडे वर, म्हणजे 25 होतात. त्या मैदानावर तुम्हाला 25 फटक्यांची सवलत मिळायला हवी. चौघांत पैज किंवा छोटी स्पर्धा असेल तर हा हिशेब निघण्याआधी, घरी बसून करावा, म्हणजे पहिल्या टीवर वाद होत नाहीत.

तपासणी: किती होलवर पाणी ओलांडून मारावे लागते हे मैदानाच्या नकाशावर मोजावे. पाच किंवा त्याहून जास्त असतील तर प्रत्येक नवख्यासाठी डझनभर जुने चेंडू वेगळे घ्यावेत, नवे महागडे चेंडू घेऊ नयेत.

टप्पा 5: फोन करा, आणि हे प्रश्न याच क्रमाने विचारा

संकेतस्थळावरची माहिती जुनी असू शकते. फोन सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान करावा, कारण त्या वेळी सकाळचे गट मैदानात गेलेले असतात आणि कार्यालयातला माणूस निवांत असतो. पहिला प्रश्न: मैदान त्या तारखेला खुले आहे का? पुष्कळ मैदाने सोमवारी देखभालीसाठी बंद असतात. रविवारी कंपन्यांच्या किंवा सभासदांच्या स्पर्धा असतात आणि दुपारपर्यंत बाहेरच्यांना घेत नाहीत. दुसरा प्रश्न: सभासद नसलेल्यांना त्या दिवशी प्रवेश आहे का, आणि असल्यास कोणत्या वेळेत? तिसरा: हिरवळीची स्थिती काय आहे? वर्षातून काही वेळा ग्रीनला भोके पाडून वाळू भरतात, आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे पटिंगचा (हिरवळीवर चेंडू भोकाकडे घरंगळवण्याचा) आनंद मिळत नाही. हे आपणहून कुणी सांगत नाही, विचारावे लागते.

त्यानंतर पैशांचे प्रश्न. ग्रीन फीत काय काय धरले आहे हे तुकडे पाडून विचारावे: कार्ट माणशी की गाडीमागे, कॅडी सक्तीचा आहे का आणि त्याची फी कुठे द्यायची, भाड्याचे क्लब (खेळायच्या काठ्या) मिळतात का आणि डावखुऱ्यांसाठी मिळतात का, सरावाच्या चेंडूंचे वेगळे पैसे आहेत का, कर धरला आहे का, शनिवार-रविवारचा दर वेगळा आहे का. एका सहलीत फोनवर ऐकलेल्या रकमेपेक्षा आमचे बिल जवळजवळ दीडपट झाले होते. त्यात फसवणूक काहीच नव्हती, आम्ही फक्त ग्रीन फी विचारली होती आणि त्यांनी तिचेच उत्तर दिले होते.

तारखेच्या बाबतीत एक चूक मी स्वतः केली आहे आणि ती दुसऱ्या कुणाची होऊ नये असे मनापासून वाटते. मी, माझे मेहुणे आणि दांडिया बाजारातले दोन मित्र पहाटे निघून एका मैदानाच्या फाटकाशी पोहोचलो. रखवालदाराने वहीवर बोट फिरवले, मागचे पान उलटले, मग पुढचे उलटले, आणि आमचे नाव सापडले, पण बरोबर एका आठवड्यानंतरच्या रविवारी. बुधवारी फोन करताना मी «पुढचा रविवार» म्हणालो होतो. माझ्या मनात चार दिवसांनी येणारा रविवार होता आणि ऐकणाऱ्याने त्याच्या नंतरचा धरला. चारही पिशव्या डिकीतच राहिल्या आणि आम्ही नऊच्या आत परतीच्या रस्त्याला लागलो. तेव्हापासून मी वार सांगतो, तारीख सांगतो, महिना सांगतो, समोरच्याकडून तिन्ही वदवून घेतो आणि लगेच लेखी संदेश मागतो. संदेशात चारही खेळाडूंची नावे, टी टाइम आणि ठरलेली रक्कम असायला हवी.

इशारा: रद्द करण्याची मुदत विचारल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नयेत. पावसाने मैदान बंद ठेवल्यास पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते, हेही त्याच फोनवर ठरवावे.

टप्पा 6: आता हॉटेल, आणि आताच हॉटेल

टी टाइमचा लेखी संदेश हातात आल्यावरच खोली घ्यावी. हॉटेल मैदानापासून अर्ध्या तासाच्या आत असावे, आणि सकाळी सहाला चहा व काहीतरी खायला मिळते का हे विचारावे. बहुतेक हॉटेलांची न्याहारी साडेसातनंतर सुरू होते, तेव्हा तुम्ही दुसऱ्या होलवर असायला हवे. रिसॉर्टमध्ये राहणार असाल तर खोलीसह खेळाचा एकत्रित दर मागावा, पण त्यात नेमकी कोणती टी टाइम मिळणार हे लेखी घ्यावे. दुपारी दोनची वेळ देऊन स्वस्त दर सांगितला जात असेल तर हिवाळ्यात तो उपयोगाचा नाही.

टप्पा 7: सामान आणि गाडी

आपल्याकडे अनेक गाड्या सीएनजीवर आहेत, आणि डिकीतल्या टाकीमुळे गोल्फची एक पिशवीसुद्धा नीट बसत नाही. चार माणसे आणि चार पिशव्या साध्या सेडानमध्येही मावत नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री, अंगणात, सर्व पिशव्या प्रत्यक्ष ठेवून पाहाव्यात. ड्रायव्हर (सर्वांत लांब काठी) काढून आडवा वेगळा ठेवला की पिशवीची लांबी कमी होते. विमानाने जाणाऱ्यांनी पिशवीचे वजन घरीच करावे, कारण भरलेला संच 12 ते 15 किलोपर्यंत जातो आणि देशांतर्गत प्रवासात साधारण 15 किलोचीच मोकळीक असते. रेल्वेने जाताना खुर्चीच्या डब्यापेक्षा शयनयानाचा डबा बरा पडतो, कारण खालच्या बर्थखाली पिशवी सरकवता येते.

पिशवीत 14 पेक्षा जास्त क्लब नसावेत. कॉलर असलेला टी-शर्ट आणि जीन्सखेरीज कोणतीही साधी पँट चालते. गोल गळ्याचा टी-शर्ट किंवा जीन्स घातलेल्याला पुष्कळ ठिकाणी परत पाठवतात. बुटांना धातूचे खिळे नसावेत. टोपी, दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटे, पायमोजांची दुसरी जोडी आणि कॅडीला देण्यासाठी सुट्टे पैसे बरोबर घ्यावेत. कॅडीचे पैसे पुष्कळदा रोख द्यावे लागतात आणि पाचशेच्या नोटेची मोड तिथे मिळेलच असे नाही.

टप्पा 8: पोहोचल्यापासून शेवटच्या होलपर्यंत

टी टाइमच्या पाऊण तास आधी नोंदणी करावी. पहिली दहा मिनिटे अंग मोकळे करण्यात घालवावीत आणि सरावाच्या हिरवळीवर किमान दहा लांब पट मारून वेगाचा अंदाज घ्यावा. परक्या मैदानावर सर्वांत जास्त फटके याच अंदाजाअभावी वाया जातात. कॅडीला पहिल्या होलआधी आपला हँडिकॅप खरा सांगावा, म्हणजे तो तुम्हाला पाण्यावरून मारायला लावणार नाही.

हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून नियमाने तीन मिनिटेच मिळतात. परगावी ती मुदत काटेकोर पाळावी आणि झाडीत जाण्याची शक्यता वाटल्यास आधीच दुसरा, तात्पुरता चेंडू मारून ठेवावा. बंकर (वाळूचा खड्डा) सोडताना वाळू सारखी करावी आणि हिरवळीवरचा चेंडूचा खड्डा दुरुस्त करावा. नऊ होलनंतर घड्याळ पाहावे. सव्वादोन तासांहून जास्त वेळ गेला असेल तर मागच्या गटाला पुढे जाऊ द्यावे आणि आपल्यापैकी सर्वांत थकलेल्याने दोन-तीन होल फक्त चालत बरोबर यावे.

जेवणानंतर लगेच गाडी हाकू नये. पहाटे चारला उठून पाच तास उन्हात काढलेल्या माणसाला द्रुतगती मार्गावर डुलकी लागते, म्हणून परतीचा चालक निघण्याआधीच ठरवावा आणि त्याने त्या दिवशी शक्यतो नऊच होल खेळावेत. महाराष्ट्र, दमण किंवा राजस्थानाकडून परतणाऱ्यांनी क्लबच्या बारमधली उरलेली बाटली गोल्फच्या पिशवीत टाकून आणू नये. परवान्याशिवाय गुजरातेत दारू आणणे हा गुन्हा आहे आणि सीमेवर डिकीसह पिशव्याही उघडून पाहतात. अहमदाबादहून सकाळी खेळून निघालेला गट वेळेत पोहोचला, तर संध्याकाळच्या सेव-उसळीला बडोद्यातच थांबता येते. खेळाआधी मात्र ती तिखट न्याहारी टाळावी आणि दोन केळी खाऊन पहिल्या टीवर उभे राहावे.